अर्धी दाढी आणि हरवलेला पहारेकरी

६ मार्च, दुकानातून

ताई,

आधी हे सांग, तुमच्या दीपगृहावर तातडीचा निरोप घ्यायची काही सोय आहे की नाही? आठवड्यातून एकदा येणाऱ्या बोटीच्या भरवशावर स्वतःचं लग्न टांगून ठेवायची माझी तयारी नाही.

गेल्या सुट्टीत तू सलूनसाठी जुन्या खेळांचं खोकं करून दिलंस. ते टीव्हीला जोडल्यापासून गिऱ्हाईकं नंबर येईपर्यंत गप बसतात. कधीकधी नंबर आला तरी उठत नाहीत, पण ते असो. त्यांच्यातच एक काका दर रविवारी यायचे. निवृत्त वजनमाप निरीक्षक. ते एकच खेळ खेळायचे, तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन मनोरा चढणाऱ्या पहारेकऱ्याचा. शेवटच्या मजल्याच्या दारापर्यंत पोचले होते. मला वाटायचं, दाढीसाठी येतात.

काल ते दुकान उघडताच आले आणि थेट खुर्चीत बसले. कंट्रोलर कापडाखाली घेतला. समोरच्या आरशात मागचा टीव्ही उलटा दिसतो, त्याचं त्यांना काही नाही. मी उजवी बाजू केली, वस्तरा गळ्याशी आणला आणि ते म्हणाले, "समोरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ना, तिचा मी बाप. तुला बघायला येत होतो."

ताई, ही तीच. हिच्यासाठी मी डोळे ठणठणीत असताना चार चष्मे करून घेतलेत. आणि नेमक्या त्याच क्षणी टीव्हीवर यादी उघडली, तर यादी कोरी! 'इथे एकही खेळ नाही.' काका "अरे!" करून खुर्चीतच उडाले. ते परत टेकल्यावर मी वस्तरा बाजूला घेतला. ते अर्ध्या तोंडाला फेस असताना उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला चाळीस खेळ सांभाळता येत नाहीत, त्याला माझी एक मुलगी सांभाळता येईल का, ह्याचा मला विचार करावा लागेल. खेळ सापडेल तेव्हा डावी बाजू. दाढी पुरी होईल तेव्हा उत्तर."

तेवढ्यावर गेले. डाव्या गालावर फेस वाळत होता.

मी खोक्याला काहीही केलेलं नाही. शनिवारी दुकान बंद करून थोडी साफसफाई केली, तेवढीच. काय करू ते लगेच कळव.

तुझा,
कातऱ्या

*

१३ मार्च, दीपगृह

कातऱ्या,

बिनतारी यंत्र आहे, पण ते बुडणाऱ्यांसाठी आहे. तू बुडतोयस हे मला मान्य आहे, आमच्या वरिष्ठांना नाही.

घाबरू नकोस. यादी गेली म्हणजे खेळ गेले असं नाही. यादीत खेळ नसतो, कोणता खेळ कुठल्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाने बसलाय एवढंच तिला ठाऊक असतं. तू 'गिऱ्हाईक तिसऱ्या बाकावर बसलंय' असं लिहून ठेवलंस आणि ते उठून दारात जाऊन उभं राहिलं, तर गिऱ्हाईक आहेच की. फक्त तुझं खोकं तुझ्याइतकं मान वळवून बघत नाही. सांगितल्या जागी कोणी नसलं, की ते सरळ ओळ गाळतं.

आता एकेक कर. खोकं बंद कर. मागचं मेमरी कार्ड काढ, कोरड्या फडक्याने पूस आणि टक् आवाज येईपर्यंत आत ढकल. मग चालू करून सेटिंगमध्ये जा आणि 'फोल्डर पुन्हा तपासा' ह्यावर दाब. दाबून गप बस. मध्येच दहा वेळा दाबू नकोस, मी तुला ओळखते.

आणि एक विचारायचं होतं. साफसफाई म्हणजे नेमकं काय केलंस?

दुसरं, हा माणूस अर्धा राहणार कसा? उजवी बाजूही वाढेलच ना?

ताई

*

१९ मार्च, दुकानातून

ताई,

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण मला रोज सकाळी तेच काम आहे. काका दुसऱ्या दिवशी हजर. म्हणाले, "अर्धी म्हणजे अर्धी. दोन्हीकडे वाढू दिली तर अटच मोडली." तेव्हापासून ते रोज येतात. खिशातून दोरा काढतात, नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीच्या मध्यावर धरतात, आणि मी दोऱ्याच्या उजवीकडची करतो. डावीकडे आता चांगलं रान माजलंय. गल्लीतलं कुत्रं त्यांना उजवीकडून बघून शेपूट हलवतं आणि डावीकडून बघून भुंकतं. ग्रंथालयाच्या बाईंनी त्यांना ओळखपत्रावरच्या फोटोसारखं उभं राहायला सांगितलं, तर म्हणाले, "कोणत्या बाजूने?" गिऱ्हाईकं त्यांना अर्धेकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ते ओ देतात.

आता खोक्याचं. तू सांगितलंस तसं केलं. एकदाच दाबलं. (तीनदा.) यादी आली! दुकानात टाळ्या पडल्या. पण ती यादी काही धड नाही. एकाही खेळाचं चित्र दिसत नाही, नुसत्या राखाडी चौकटी. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ एकदाच असायला हवा, तो पानभर आलाय. त्यातली एक ओळ उघडली की इंजिनाचा आवाज येतो, दुसरी उघडली की गाणं, गाडी कशातच नाही. मला ह्याचं नवल वाटतं, कारण त्या एका फोल्डरला तर मी हातही लावला नव्हता.

पहारेकरी मात्र नाही तो नाहीच. त्याच्यासारख्या नावाचा एक खेळ दिसला, म्हणून काकांनी उघडला. मनोरा तोच, जिने तेच, पण किल्ल्या एका मुलीच्या हातात! काका आरशात डोकावून म्हणाले, "ही कोण? आणि ह्यात मी कुठे आहे?"

त्यांची मुलगी दुपारी त्यांचा डबा घेऊन येते. ते जेवेपर्यंत बसते. काल तिने माझ्या चष्म्याच्या काचा स्वतःच्या रुमालाने पुसून दिल्या.

साफसफाई म्हणजे साफसफाई गं. नावं मात्र आता दिसायला सुबक आहेत, एका रेषेत.

कातऱ्या

*

२७ मार्च, दीपगृह

कातऱ्या,

त्या एका फोल्डरला हात लावला नव्हतास. म्हणजे बाकीच्यांना लावला होतास.

मी दिलेली नावं सुबक नव्हती. लांबलचक होती. मागे कंसात देश, त्यापुढे कंसात आवृत्ती, त्यापुढे आणखी एक शेपूट. चित्र त्या नावाने जुळतं, यादी त्या नावाने चालते, आणि काकांचा अर्धवट राहिलेला डावही त्याच नावाने जपलेला असतो. आणि तू म्हणतोस, सगळी एका रेषेत आहेत. लहानपणी तू आमच्या सतरंजीच्या दशा एका मापात कापल्या होत्यास. मग मापात बसत नाही म्हणून सतरंजीही कापलीस. आईने तेव्हा कपाळाला हात लावला होता, आज मी लावला.

तू नावांचे केस कापलेस!

पुढचं मी इथे बसून सांगते. पहारेकऱ्याच्या खेळाचे दोन भाग आहेत. दोघांच्या नावांची सुरुवात सारखी, फरक शेवटी. तो फरक तू कापलास. मग कार्ड दुकानातल्या लॅपटॉपला लावलं होतंस, त्याने विचारलं असेल, ह्या नावाची फाईल आधीच आहे, ती पुसून ही ठेवू का? आणि तू गिऱ्हाईकाला "कल्ले ठेवू का?" विचारल्यावर ते मान डोलावतं तशी मान डोलावलीस. पहारेकरी पुसला गेला, दुसरा भाग उरला. त्यात किल्ल्या त्याच्या मुलीकडे असतात. फाईलच्या टोकाची तीन अक्षरं तेवढी ठेवलीस हे नशीब, नाहीतर यादीत चिटपाखरूही दिसलं नसतं.

शर्यतीच्या खेळाचं दुखणं वेगळं आहे. (पहिल्या दिवशी तोही गायब होता, म्हणजे कार्डही तू परत सैलच बसवलं होतंस.) तो मूळ सीडीवरचा खेळ, त्याचे तुकडे असतात आणि त्या सगळ्यांना बांधणारी एक छोटी फाईल असते. यादीत फक्त तीच दिसायला हवी. बाकीच्यांवर 'लपवा' दाब. लपवा. पुसू नकोस, कापू नकोस, मापात आणू नकोस.

सगळ्या मूळ फाईली माझ्याकडे आहेत. नवं कार्ड भरते आणि पाठवते. ते घातलंस की पहारेकरी शेवटच्या दारासमोर उभा सापडेल, कारण काकांचा डाव जुन्या नावाने तुझ्या खोक्यात अजून पडून आहे.

ताई

*

२ एप्रिल, दुकानातून

ताई,

आठ अक्षरांवर घेतली होती. कंस म्हणजे मला मानेवर वाढलेल्या केसांसारखे दिसले. झालं, सांगितलं.

आता माझं ऐक. कार्ड पाठवू नकोस.

रागावू नकोस, नीट वाच. काकांनी अजून 'नाही' म्हटलेलं नाही. खेळ सापडला नाही तोवर म्हणणारही नाहीत. रोज सकाळी येतात, दोरा धरतात. त्यांची स्वतःची खुंटी झालीय, स्वतःचा कप झालाय. कोणाचा नंबर आधी, ह्यावर भांडण झालं की तेच निकाल देतात, आणि डावी बाजू पुढे करून दिला तर कोणी उलट बोलत नाही. दुपारी ती येते. आम्ही तिघं बसतो. सगळं छान चाललंय. उद्या तो पहारेकरी उगवला, दाढी पुरी झाली आणि त्यांनी 'नाही' म्हटलं, तर काकाही गेले आणि तीही गेली. मग मी चार चष्मे घालून कोणाकडे बघू?

मला ती हवी आहे, ताई. ती मिळणार नसेल तर निदान हे तळ्यात-मळ्यात तरी राहू दे.

कार्ड पाण्यात पडलं असं लिही. बोटीवर असं होतं.

कातऱ्या

*

१० एप्रिल, दीपगृह

कातऱ्या,

कार्ड सोबत आहे. कोरडं आहे.

तू ते गल्ल्याखाली सरकवून "आलंच नाही" म्हणणार, हेही मला ठाऊक आहे. म्हणून दुसरं कार्ड मी समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंय. सोबत चिठ्ठी आहे: कार्ड कसं घालायचं, कुठे दाबायचं आणि तुला खोक्यापासून किती लांब उभं करायचं.

इथे आम्हाला रोज बोटी दिसतात. काही दिव्याभोवती घुटमळत राहतात, कारण बंदराचं तोंड अरुंद आहे आणि आपटायची भीती वाटते. मला त्यांच्यावर ओरडता येत नाही. तुझ्यावर येतं. जा, आत जा!

ती रोज दुपारी नुसता डबा पोचवायला येते असं तुला वाटत असेल, तर पाचवा चष्मा कर आणि ह्या खेपेला खरा नंबर काढून घे.

ताई

*

१६ एप्रिल, दुकानातून

ताई,

ती आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कार्ड. तुझी चिठ्ठी तिने भर दुकानात मोठ्याने वाचली, माझ्या अंतराच्या ओळीसकट. मी तुरटीचा डबा धरून दाराशी उभा राहिलो. तिने कार्ड घातलं, टक् झालं, एकदाच दाबलं. एकदाच, ताई. आणि यादी अशी भरत गेली, की मला गहिवरून आलं. चित्रं आली, लांब लांब नावं आली, कंस लोंबतायत, शेपटं लोंबतायत. दिसायला भयंकर. पण पहारेकरी होता, शेवटच्या दारासमोर, किल्ल्या हातात.

काकांनी कंट्रोलर घेतला. ह्या वेळी आरशात नाही, सरळ वळून बसले. दार उघडलं. आत काही राक्षस वगैरे नव्हता, नुसती एक खोली. पहारेकऱ्याने जुडगा खुंटीला अडकवला, दिवा मालवला आणि दार ओढून निघून गेला. संपला खेळ. एक गिऱ्हाईक म्हणालं, "एवढंच?" काका म्हणाले, "एवढंच असतं."

मग खुर्चीत बसले. "आता डावी."

आधी कैची लागली, मग वस्तरा. माझी पाचावर धारण बसली होती. गळ्याशी आलो तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी मी उडालो तेव्हा वस्तरा इथेच होता. तू घाबरला होतास, दिसत होतं. पण हात हलला नाही. आयुष्यभर तराजूचे काटे बघितलेत मी, इतका स्थिर काटा बघितला नव्हता. होकार तिथेच झाला होता."

मी विचारलं, "मग इतके दिवस का थांबलात?" तर म्हणाले, "अट म्हणजे अट."

होकार, ताई! ती हसत होती आणि चष्मा काढून डोळे पुसत होती. मी चारही चष्मे काढून ठेवले. पुढच्या महिन्यात लग्न. तू सुट्टी टाक.

दाढी पुरी झाल्यावर काका आरशात बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी आपला कप धुतला आणि तो घेऊन घरी गेले. दोन दिवस आलेले नाहीत. लग्नाची तयारी करत असतील.

तुझा, आता पुरा सुखी,
कातऱ्या

*

१९ एप्रिल

दीपगृहावरील ताईंस सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, परंतु आपल्या पत्रांची आहे. आपला भाऊ ती गिऱ्हाईकांना वाचून दाखवतो. मी त्याचा होऊ घातलेला सासरा. पूर्वी मला अर्धेकाका म्हणत, आता काय म्हणावं हे कोणाला सुचत नाही.

आपण पाठवलेल्या कार्डामुळे यंत्र निर्दोष चाललं आहे. तक्रार त्याबद्दलच आहे.

मुलीचं लग्न ठरलं ह्याचा मला आनंद आहे. मुलगा भला आहे. नावं कापल्याचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एकूणएक नाव आठ अक्षरांचं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. हे काम डोळ्याच्या मापाने करणाऱ्यावर मी काय रागावणार? परंतु लग्नानंतर माझं घर फार मोठं होणार आहे. मी दाढी घरीही करू शकतो. कित्येक वर्षं करतही होतो. ह्या दीड महिन्यात मात्र रोज सकाळी उठल्यावर कुठे जायचं, हे मला ठाऊक होतं.

सासऱ्याने विनाकारण रोज जावयाच्या दुकानात बसणं बरं दिसत नाही. गिऱ्हाईकाने बसलेलं चालतं, आणि त्याचं काही घोडं अडलं असेल तर कोणी विचारतही नाही. माझं आता काहीच अडलेलं नाही.

तरी कृपया कळवावं: यादीतून एखादा खेळ हरवायचा असल्यास तो कसा हरवावा? कायमचा नको. शोधण्याजोगा हवा. आणि आपल्या भावाला कळता कामा नये.

आपला,
निवृत्त निरीक्षक

*

२४ एप्रिल, दीपगृह

काका,

साष्टांग नमस्कार. पत्र आजच्या बोटीने आलं आणि बोटवाल्याला मी धक्क्यावर थांबवून ठेवलंय, म्हणून थोडक्यात लिहिते.

कातऱ्या दुपारी जेवायला बसला, की दुकानातला लॅपटॉप उघडा. खोक्यातलं कार्ड त्यात घाला. मनात येईल तो खेळ निवडा आणि त्याच्या नावातला नुसता शेवटचा कंस उडवा. टोकाच्या तीन अक्षरांना धक्का लावू नका. दुसऱ्या दिवशी तो खेळ यादीत नसेल. कातऱ्याच्या तोंडचं पाणी पळेल. तो मला पत्र लिहील, मी त्याला कार्ड पुसायला सांगेन, मग फोल्डर तपासायला सांगेन. इतक्यात तीन बोटी सहज जातील. मग तुम्ही तो कंस परत लावा आणि दुसरा खेळ घ्या.

यादीत चाळीस खेळ आहेत. पुढच्या सुट्टीत येताना मी आणखी आणते.

आणि कप परत घेऊन जा. खुंटी त्याने अजून कोणाला दिलेली नाही.

ताई